ताळा जुळलाच पाहिजे : कोकणातल्या छोट्या संग्रहासाठी फाइलसिस्टीम निवडणे, उभारणे आणि सांभाळणे

मालवण तालुक्यातल्या ज्या ग्रंथालयाचे संगणकाचे काम मी पाहतो, तेथे जत्रांतल्या दशावतारी नाटकांची जुनी ध्वनिमुद्रणे आणि गावातल्या घराण्यांकडून मिळालेल्या मोडी कागदांच्या प्रतिमा जपून ठेवलेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी एका दिवंगत नटाचा नातू आजोबांचे एक आख्यान ऐकायला म्हणून आला. फाइल उघडली, आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, सुरळीत वाजला, संकासुराचा प्रवेशही झाला, आणि आख्यान रंगात आले असताना मृदंग, पायपेटी आणि त्या नटाचा आवाज एकदम थांबला. पुढची कित्येक मिनिटे नुसती शांतता होती. दुसऱ्या डिस्कवरची प्रत लावली, तर तेथेही त्याच क्षणापासून तीच शांतता. आम्ही दर वर्षी नवी डिस्क घेऊन सगळा संग्रह तिच्यावर उतरवत होतो आणि जुनी डिस्क दुसऱ्या कामाला लावत होतो. म्हणजे बिघडलेली फाइल आम्ही स्वतःच्या हाताने वर्षानुवर्षे पुढे नेत होतो. मूळ कॅसेट तोवर बुरशीने गेली होती.

या सगळ्या काळात एकाही डिस्कने कधी तक्रार केली नव्हती. डिस्क गप्प आहे म्हणून तिच्यावरची माहिती शाबूत आहे असे धरून चालणे, ही आमची चूक होती. ती चूक इतर ग्रंथालयांनी, शाळांनी, छायाचित्रकारांनी आणि घरगुती संग्रह सांभाळणाऱ्यांनी करू नये यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. यात सांगितलेली सर्व साधने मुक्त स्रोताची आहेत आणि विनामूल्य मिळतात. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टंकाव्या लागतात, आणि प्रत्येक आज्ञेचे अचूक रूप तिच्या सोबतच्या माहितीपानात पाहून घ्यावे.

ताळा म्हणजे काय आणि तो कोठे ठेवायचा

जुन्या शाळांत गुणाकार करून झाल्यावर ताळा पाहायला शिकवत असत. मोठ्या संख्येवरून एक छोटी संख्या काढायची आणि ती जुळते का ते पाहायचे. संगणकातला चेकसम हा असाच ताळा आहे. माहितीचा ब्लॉक, म्हणजे एकत्र लिहिला-वाचला जाणारा तुकडा, लिहिताना त्यातल्या सर्व बाइट्सवरून एक छोटी संख्या काढून ठेवली जाते. ब्लॉक वाचताना ती पुन्हा काढली जाते. दोन्ही संख्या जुळल्या नाहीत, तर मधल्या काळात काहीतरी बदलले आहे हे निश्चित होते. ताळा चूक दाखवतो, पण चूक दुरुस्त करत नाही. दुरुस्तीसाठी तोच ब्लॉक दुसरीकडे शाबूत असावा लागतो. म्हणून ताळा आणि दुसरी प्रत या दोन गोष्टी एकत्रच लागतात. त्यांपैकी एकीने भागत नाही.

ताळा कोठे ठेवला आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. देवगडहून हापूसच्या पेट्या पाठवताना आत किती डझन आहेत याची चिठ्ठी पेटीतच टाकली, तर आंबे आणि चिठ्ठी एकमेकांशी जुळतीलच, मग ती पेटी भलत्याच व्यापाऱ्याकडे का पोहोचेना. पण पाठवणाऱ्याच्या वहीत प्रत्येक पेटीची वेगळी नोंद असेल, तर चुकीची पेटी आली, किंवा पेटी आलीच नाही, तरी ते ताबडतोब लक्षात येते. डिस्कच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खरोखर घडतात. कधी डिस्क योग्य माहिती चुकीच्या जागी लिहिते, कधी लिहिल्याचे सांगून प्रत्यक्षात लिहीतच नाही, आणि मग त्या जागेवरची जुनी माहिती तिच्या जुन्या ताळ्यासह अगदी निर्दोष दिसते. डिस्कवर फाइली कोठे आणि कशा ठेवायच्या हे सांभाळणाऱ्या व्यवस्थेला फाइलसिस्टीम म्हणतात. झेडएफएस या फाइलसिस्टीममध्ये ब्लॉकचा ताळा त्या ब्लॉकमध्ये नसतो. त्या ब्लॉककडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये असतो, त्याचा ताळा आणखी वरच्या ब्लॉकमध्ये, आणि असे करत सर्व वंशवृक्ष मुळापर्यंत पोहोचतो. वर सांगितलेल्या दोन्ही चुका त्यामुळे पकडल्या जातात.

ही भीती कल्पनेतली नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि साठवणयंत्रे बनवणारी नेटअॅप कंपनी येथील संशोधकांसह एका गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ लाख ३० हजार डिस्कांवर ४१ महिने लक्ष ठेवले होते, आणि त्यांना ४ लाखांहून अधिक ठिकाणी ताळा न जुळल्याचे आढळले. आपल्यासारखे लोक विकत घेतात त्या वर्गाच्या स्वस्त डिस्कांत हे प्रमाण महागड्या डिस्कांच्या मानाने सुमारे दहापट होते.

फाइलसिस्टीमची निवड

लिनक्सवर सहसा आपोआप मिळणारी फाइलसिस्टीम ईएक्सटी४ ही आहे. ती २००८ सालच्या डिसेंबरमध्ये लिनक्स २.६.२८ सोबत स्थिर म्हणून जाहीर झाली आणि अत्यंत भरवशाची आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मात्र तिच्या जर्नलविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. जर्नल हे मधेच वीज गेल्यास फाइलसिस्टीमचा सांगाडा, म्हणजे कोणती फाइल कोठे आहे याची नोंदवही, सुसंगत ठेवण्यासाठी असते. ईएक्सटी४ आपल्या नोंदवहीचा ताळा ठेवू शकते, पण फाइलमधल्या मजकुराचा ठेवत नाही. एक्सएफएसचीही स्थिती तीच आहे. आमच्या आख्यानातली शांतता या दोन्ही फाइलसिस्टीमना कधीच दिसली नसती. पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर असणाऱ्या एक्सफॅटला तर जर्नलही नाही. तिच्यावर माहिती वाहून न्यावी, मुक्कामाला ठेवू नये.

दोन डिस्कांवर एमडीअॅडम या लिनक्सच्या साधनाने आरसा करून, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती लिहिली जाईल असे करून, त्यावर ईएक्सटी४ घातली की काम झाले, असे अनेकांना वाटते. एक डिस्क पूर्ण बंद पडली तर या व्यवस्थेचा उपयोग आहेच. परंतु दोन्ही डिस्का चालू असून एकीवरची माहिती बदलली असेल, तर दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि खरा कोण हे ठरवायला तिसरा कोणी नसतो. तपासणीत फरक आहे एवढे कळते. कोणती प्रत खरी ते कळत नाही.

राहिल्या बीटीआरएफएस आणि झेडएफएस. या दोन्ही मजकुराचाही ताळा ठेवतात, आणि दोन्हीही लिहिलेल्या ब्लॉकवर पुन्हा न लिहिता बदललेली माहिती नव्या जागी लिहून मगच जुनी जागा सोडतात. अचानक वीज गेली तर जुनी अवस्था जशीच्या तशी शिल्लक राहते.

बीटीआरएफएसचे काम ख्रिस मेसन यांनी २००७ साली ऑरेकलमध्ये सुरू केले आणि २००९ साली ती लिनक्सच्या मुख्य प्रवाहात आली. फेडोरा या लिनक्स-प्रकाराच्या डेस्कटॉपवर २०२० पासून तीच मूळ निवड आहे. लॅपटॉपसाठी किंवा एका डिस्कच्या संगणकासाठी मी तिची शिफारस करतो, कारण ती लिनक्समध्येच असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. एकाच डिस्कवर ती नोंदवहीच्या दोन प्रती ठेवू शकते. मजकुराची मात्र नेहमीच्या मांडणीत एकच प्रत असते, त्यामुळे मजकूर बिघडल्यास ती चूक दाखवते आणि वाचन नाकारते, पण दुरुस्त करू शकत नाही. हे नाकारणे पाहून लोक घाबरतात. मला ते सद्गुणाचे लक्षण वाटते, कारण बिघडलेली फाइल निमूटपणे हाती देणारी फाइलसिस्टीम अधिक घातक आहे. दोन डिस्कांवर तिचा रेड१, म्हणजे आरशाचा, प्रकार वापरल्यास दुरुस्तीही होते. पूर्ण प्रतीऐवजी दुरुस्तीपुरती जादा माहिती अनेक डिस्कांवर विभागून ठेवणारे तिचे रेड५ आणि रेड६ हे प्रकार मात्र टाळावेत. तसा इशारा तिच्या स्वतःच्याच माहितीपत्रकात दिलेला आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : एखाद्या फाइलसाठी जुन्या जागीच लिहिण्याची सवलत चालू केली, की त्या फाइलचा ताळाही बंद होतो. वेग वाढवण्यासाठी हा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला दिसतो. संग्रहाच्या फोल्डरवर तो कधीही अमलात आणू नये.

झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरेन्स यांनी २००१ पासून घडवली आणि २००५ साली तिचा स्रोत खुला झाला. २०१३ साली ओपनझेडएफएस हा सामायिक प्रकल्प उभा राहिला, आणि २०२० च्या अखेरीस आलेल्या २.० आवृत्तीपासून लिनक्स व फ्रीबीएसडी या दोन्ही मुक्त कार्यप्रणालींसाठी एकच स्रोत वापरला जातो. परवान्यातील फरकामुळे ती लिनक्सच्या मुख्य स्रोतात नाही. लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटूमध्ये ती २०१६ पासून तयार मिळते, डेबियनमध्ये वेगळी बसवावी लागते, फ्रीबीएसडीमध्ये मुळातच असते. ग्रंथालयासारख्या ठिकाणी, जेथे दोन डिस्का लावता येतात आणि माहिती पुढच्या पिढीला द्यायची आहे, तेथे मी झेडएफएसच निवडतो, आणि पुढचे विवेचन प्रामुख्याने तिच्याविषयी आहे.

यंत्र, वीज आणि खारी हवा

फाइलसिस्टीम कितीही चांगली असली, तरी ती डिस्कने दिलेल्या शब्दावर अवलंबून असते. ‘आतापर्यंतचे सर्व लिहून पूर्ण कर’ असे सांगितल्यावर डिस्कने ते खरोखर पूर्ण केले पाहिजे. स्वस्त यूएसबी पेट्यांतले काही जोडभाग हा निरोप पुढे पोहोचवतच नाहीत आणि ताण आला की डिस्क मधेच नाहीशी होते. मुख्य साठा यूएसबीवर उभारू नये. डिस्का साटा केबलने संगणकाच्या आत बसवाव्यात.

डिस्क घेताना ती सीएमआर प्रकारची, म्हणजे माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असणारी, आहे याची खात्री करावी. एसएमआर प्रकारात छपरावरच्या कौलांसारखे माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग लिखाणात ती फार मंदावते, आणि बंद पडलेल्या डिस्कच्या जागी नवी डिस्क भरून घेण्याचे काम अतिशय लांबते. नेमक्या त्याच काळात आपल्याकडे एकच प्रत उरलेली असते. शक्य असल्यास दोन डिस्का वेगवेगळ्या वेळी किंवा वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोघींना एकदम भोवणार नाही.

समुद्राजवळच्या गावात खाऱ्या दमट हवेने धातूचे सांधे खराब होतात हे वेगळे सांगायला नको. खिडकीच्या बिजागऱ्यांवर दिसते तेच साटा केबलच्या टोकांवरही घडते. डिस्कच्या स्वतःच्या स्मार्ट नोंदींत क्रमांक १९९ ची नोंद केबलवरून जाताना बिघडलेल्या निरोपांची असते. ती वाढत असेल, तर डिस्क टाकून देण्याआधी केबल बदलून पाहावी. क्रमांक ५, १९७ आणि १९८ या नोंदी वाढत असतील, तर मात्र दोष डिस्कच्या पृष्ठभागातच असतो. आमच्याकडे ही पाहणी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा होते. संगणक पावसाळाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज काही तास चालू ठेवणे मला बरे वाटते, कारण आतल्या उबेने ओल धरत नाही. भिंतीला लागून किंवा जमिनीवर मात्र तो ठेवू नये.

विजेबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. पहिला पाऊस आला की लाइट जाणार, हे कोकणात गृहीतच धरलेले असते. पुष्कळ ठिकाणी इन्व्हर्टर असतो आणि त्यामुळे संगणक सुरक्षित आहे असे वाटते. इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असल्यास तो निवडावा, कारण साध्या मोडमध्ये बदल होताना लागणारा क्षणही संगणक बंद पडायला पुरतो. त्याहून मोठी अडचण अशी, की घरगुती इन्व्हर्टर सहसा बॅटरी संपत आल्याचे संगणकाला कळवत नाही. त्यासाठी यूएसबी केबलने निरोप देणारा छोटा यूपीएस घ्यावा आणि नेटवर्क यूपीएस टूल्स ही मुक्त प्रणाली बसवून बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की संगणक आपोआप नीट बंद होईल अशी व्यवस्था करावी. लाइट एकदम गेलीच, तर झेडएफएसमध्ये नेहमीच्या मांडणीत साधारण शेवटच्या ५ सेकंदांतले लिखाण जाऊ शकते, कारण ती तितक्या काळाचे लिखाण एकत्र करून डिस्कवर नेते. आधीचे सर्व सुसंगत राहते. ईएक्सटी४ मध्ये नव्याने लिहिलेल्या फाइलसाठी हा काळ सुमारे अर्ध्या मिनिटापर्यंत लांबू शकतो.

मेमरीचीही परीक्षा घ्यावी. फाइलसिस्टीम ताळा काढण्याआधीच मेमरीत माहिती बदलली, तर चुकीच्या माहितीचा अचूक ताळा लिहिला जातो. ईसीसी मेमरी, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी मेमरी, परवडत असेल तर ती घ्यावी. नसेल तर निदान मेमटेस्ट८६प्लस ही चाचणी एक रात्रभर चालवावी.

साठा उभारणे

झेडएफएसमध्ये डिस्का एकत्र करून जो साठा होतो त्याला पूल म्हणतात. तो उभारण्याआधी प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूवर तिचा अनुक्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावा. पुढे एक डिस्क बिघडल्यावर घाईत चांगली डिस्क उपसली जाण्याचा अपघात या एका चिठ्ठीमुळे टळतो.

‘झेडपूल क्रिएट’ ही आज्ञा देताना मिरर हा प्रकार निवडावा. डिस्कांची नावे ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी देऊ नयेत, कारण ती संगणक पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. ‘बाय-आयडी’ या फोल्डरमधली, अनुक्रमांक असलेली लांब नावे द्यावीत. ‘एशिफ्ट’ची किंमत १२ ठेवावी, म्हणजे ४०९६ बाइट्सचा भाग धरला जाईल, आजच्या डिस्कांना तो योग्य आहे आणि ही किंमत त्या आरशासाठी नंतर बदलता येत नाही. ‘कॉम्प्रेशन’, म्हणजे माहिती आवळून लिहिण्याची पद्धत, एलझेड४ वर ठेवावे. मजकुरासाठी ताळ्याची मूळ पद्धत फ्लेचर४ आहे आणि ती नेहमीच्या बिघाडांसाठी पुरेशी आहे. वेगळे कारण नसल्यास ती बदलू नये. ताळा बंद करण्याचीही सोय आहे, तिला मात्र हात लावू नये.

तीन किंवा अधिक डिस्का असतील तर रेडझेड हा रेड५सारखा प्रकार आहे. छोट्या संग्रहासाठी मी आरसाच पसंत करतो, कारण तो समजायला सोपा आहे, नवी डिस्क लवकर भरते आणि दोनच डिस्का जादा घेऊन साठा वाढवता येतो. पूल जवळजवळ पूर्ण भरू देऊ नये. प्रत्येक बदल नव्या जागी लिहायचा असल्याने मोकळी जागा लागते. ८० टक्क्यांच्या आसपास भरला की वाढीचा विचार करावा.

माहिती आत घेताना

संग्रहातले बहुतेक नुकसान माहिती साठ्यावर पोहोचण्याआधीच होते, असे मला अनुभवाने वाटते. ध्वनिमुद्रकाचे किंवा कॅमेऱ्याचे कार्ड संगणकाला लावल्यावर कार्डावरच्या प्रत्येक फाइलचा ‘शा२५६सम’, म्हणजे पूर्ण फाइलीचा ताळा, काढून त्याची यादी एका मजकूर-फाइलमध्ये ठेवावी. मग फाइली साठ्यावर उतरवाव्यात, मेमरीत उरलेले लिखाण डिस्कवर नेणारी ‘सिंक’ ही आज्ञा द्यावी, आणि त्या यादीशी साठ्यावरच्या फाइली ताडून पाहाव्यात. येथे एक बारकावा आहे. नुकतीच वाचलेली माहिती संगणक मेमरीत धरून ठेवतो, त्यामुळे लगेच केलेली तपासणी डिस्कची नसून मेमरीची असू शकते. म्हणून शक्य असल्यास संगणक एकदा पुन्हा सुरू करून मग ताडावे. हे सर्व जुळल्याशिवाय कार्ड पुसू नये, आणि कॅसेट किंवा कागद मालकाला परत करू नये. ही यादी संग्रहासोबत कायम ठेवावी. फाइलसिस्टीम बदलली, संगणक बदलला, तरी तिच्यावरून फाइल मूळची आहे का हे सांगता येते.

स्क्रब आणि अहवालाचे वाचन

वाचन होते तेव्हाच ताळा तपासला जातो. आमच्या संग्रहातली काही आख्याने पाच-पाच वर्षे कोणी उघडत नाही; त्यांच्यातला बिघाड तोवर झाकलेला राहील आणि दरम्यान दुसरी प्रतही बिघडेल. यासाठी ‘झेडपूल स्क्रब’ ही आज्ञा आहे. ती साठ्यातला प्रत्येक भरलेला ब्लॉक सर्व प्रतींवरून वाचते, ताळा पाहते आणि बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवरून पुन्हा लिहिते. महिन्यातून एकदा ती चालावी. डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री ती आपोआप सुरू होण्याची सोय आहे. परंतु आपला संगणक त्या वेळी बंद असतो का, हे पाहावे. आमचा असायचा, आणि कित्येक महिने स्क्रब झालेच नव्हते. आता आम्ही ते शनिवारी दुपारी हाताने सुरू करतो. बीटीआरएफएससाठी ‘बीटीआरएफएस स्क्रब स्टार्ट’ ही आज्ञा आहे.

स्क्रब झाल्यावर ‘झेडपूल स्टेटस’ने मिळणारा अहवाल नीट वाचावा. त्यात प्रत्येक डिस्कसमोर तीन आकडे असतात : वाचनातल्या चुका, लिखाणातल्या चुका आणि ताळा न जुळल्याच्या चुका. तिन्ही शून्य असणे अपेक्षित आहे. एकाच डिस्कसमोर ताळ्याच्या थोड्या चुका दिसल्या आणि दुरुस्त झाल्याचे लिहिले असेल, तर आधी तिच्या स्मार्ट नोंदी आणि केबल पाहावी, ‘झेडपूल क्लिअर’ने आकडे शून्यावर आणावेत आणि पुन्हा स्क्रब करावे, चुका परत आल्या तर डिस्क बदलावी. दोन्ही डिस्कांसमोर एकाच वेळी चुका दिसत असतील, तर दोन्ही डिस्का एकदम बिघडण्यापेक्षा मेमरी, वीजपुरवठ्याचा डबा किंवा दोहोंना सामाईक असलेला जोडभाग बिघडण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी नवे लिखाण थांबवून तो भाग आधी शोधावा. ‘माइनस व्ही’ हा पर्याय जोडल्यास दुरुस्त न झालेल्या फाइलींची नावेच अहवालात मिळतात, आणि नेमक्या तेवढ्याच फाइली दुसऱ्या प्रतीवरून आणता येतात. आमच्या जुन्या पद्धतीत हे कळण्याचा एकमेव मार्ग होता : कोणीतरी येऊन ते आख्यान मागणे.

डिस्क बदलताना, जागा असेल तर जुनी डिस्क न काढता नवी जोडावी आणि मग ‘झेडपूल रिप्लेस’ द्यावे, म्हणजे भरण्याच्या काळात जुन्या डिस्कवरचे शाबूत ब्लॉकही उपयोगी पडतात. बीटीआरएफएस वापरणाऱ्यांनी ‘चेक रिपेअर’ ही आज्ञा जाणकाराच्या सल्ल्याशिवाय चालवू नये. तिने स्थिती बिघडू शकते.

ताळ्याच्या पलीकडचे

२०२३ सालच्या नोव्हेंबरमध्ये झेडएफएसमध्येच एक दोष उघडकीस आला. एखादी फाइल लिहिली जात असतानाच तिची प्रत काढली, तर फार क्वचित, फाइलसिस्टीम भरलेल्या जागी पोकळी आहे असे सांगत असे, आणि प्रत काढणारा प्रोग्रॅम तेथे शून्ये लिहीत असे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आलेल्या २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला. या दोषात स्क्रबला काहीही दिसत नव्हते, कारण शून्ये फाइलसिस्टीमनेच रीतसर, अचूक ताळ्यासह लिहिलेली होती. मी ही घटना झेडएफएसवरचा विश्वास कमी करण्यासाठी सांगत नाही. दोष उघडपणे चर्चिला गेला आणि थोड्या दिवसांत सुधारला गेला, हे मुक्त स्रोताचे बळच आहे. पण कार्ड पुसण्याआधी काढलेली वेगळी यादी का हवी, याचे याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही. आवृत्तीबाबत आमचा नियम असा, की नवी मोठी आवृत्ती आल्याबरोबर घ्यायची नाही, आणि चालू आवृत्तीच्या दुरुस्त्या मात्र चुकवायच्या नाहीत.

माणसाच्या हातून पुसली गेलेली फाइलही ताळ्याच्या कक्षेबाहेरची आहे. त्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याच्या त्या क्षणीच्या अवस्थेच्या गोठवलेल्या नोंदी, घ्यावेत. ते क्षणात होतात आणि पुढे बदललेल्या ब्लॉकांपुरतीच जागा घेतात. सॅनॉइड हे मुक्त साधन त्यांचे वेळापत्रक सांभाळते. मात्र स्नॅपशॉट त्याच डिस्कांवर असतात, तेव्हा त्यांना दुसरी प्रत समजू नये.

घाटावरची प्रत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर आले, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. आरशातल्या दोन्ही डिस्का एकाच खोलीत असतात, आणि पाणी खोलीत शिरते तेव्हा दोन्हींत शिरते. एक प्रत खाडीच्या या काठावरून त्या काठावर नेऊन पुरत नाही. ती घाटावर असावी. आमची कोल्हापुरात एका स्नेह्यांकडे असते. जुलै २०२१ च्या त्याच आठवड्यात पंचगंगेलाही पूर आला होता, म्हणून घाटावरची प्रतसुद्धा उंचावरच्या वस्तीत आणि वरच्या मजल्यावर ठेवलेली आहे.

ही प्रत ‘झेडएफएस सेंड’ आणि ‘झेडएफएस रिसीव्ह’ या जोडीने काढावी. पहिल्या वेळी सर्व संग्रह जातो, पुढे दोन स्नॅपशॉटांमधला फरक तेवढा जातो, आणि पाठवलेल्या ओघालाही ताळा असतो. पहिली प्रत गावातच भरून डिस्क फोंडा घाटाने प्रत्यक्ष नेणे उत्तम, कारण इतकी माहिती इंटरनेटवरून चढवायला आठवडे लागतील. ती एकटी डिस्क असेल, तर भरण्यापूर्वीच तिच्यावर ‘कॉपीज’ची, म्हणजे प्रत्येक ब्लॉकच्या प्रतींची, किंमत २ करावी, जागा दुप्पट लागते, पण डिस्कवरचा एखादा भाग खराब झाल्यास दुरुस्ती होऊ शकते. पूर्ण डिस्क गेली तर अर्थातच याचा उपयोग नाही. वर्षातून दोनदा ती डिस्क लावून तिच्यावरही स्क्रब करावे.

वर्षातून एकदा, आम्ही मे महिन्यात, पावसापूर्वी, एक परीक्षा घेतो. घाटावरून आलेली डिस्क संग्रहाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या संगणकाला लावायची, यादीतून कोणतीही वीस आख्याने निवडायची, ती त्या डिस्कवरून उतरवून शा२५६च्या यादीशी ताडायची, आणि त्यांतले निदान एक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचे. ऐकण्याचे काम मी ग्रंथालयात येणाऱ्या जुन्या जाणत्या मंडळींना देतो. गाळलेली ओळ त्यांच्या कानाला ताबडतोब खटकते.

शेवटचे काम कागदाचे आहे. संगणकाच्या कपाटाच्या आतल्या बाजूला, ओल लागू नये म्हणून लॅमिनेट केलेला एक कागद लावावा आणि त्यावर मराठीत एवढे लिहावे : पुलाचे नाव, दोन्ही डिस्कांचे अनुक्रमांक, कोणती डिस्क वरच्या खणात आहे, मागचे स्क्रब कधी झाले, घाटावरची डिस्क कोणाकडे आहे, आणि हा संगणक जळाला तर कोणत्याही लिनक्स संगणकावर झेडएफएस बसवून, यांतली कोणतीही एक डिस्क लावून ‘झेडपूल इम्पोर्ट’ म्हटले की सर्व संग्रह समोर येतो.